सावद्याहून कालाकुंडला: घाटातलं एक स्टेशन पाहायला जाताना

सावदा, निंभोरा, रावेर या पट्ट्यात रेल्वेचं अप्रूप कुणाला असणार? केळी भरून गाड्या इथूनच उत्तरेकडे जातात आणि भुसावळसारखं जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे. पण आपल्या भागातल्या गाड्या बहुतेक सपाटीवरून धावतात. समोर सातपुडा दिसतो खरा, मात्र रूळ त्याच्या अंगावर जात नाहीत. बुऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या दरम्यान डोंगर जिथे ठेंगणा झाला आहे, तिथून ते पलीकडे निघून जातात. म्हणून रेल्वे डोंगर चढते म्हणजे नेमकं काय करते, हे जवळून पाहायचं असेल तर आपल्याला थोडं लांब जावं लागतं.

सावद्याहून त्यासाठी मला सगळ्यांत योग्य वाटणारी जागा म्हणजे मध्य प्रदेशातलं कालाकुंड. इंदूरजवळच्या महूच्या दक्षिणेला, विंध्याच्या उतारावर, जंगलात आणि चोरल नदीच्या काठी हे छोटं स्टेशन आहे. पाताळपाणी ते कालाकुंड हा जेमतेम दहा किलोमीटरचा घाट रेल्वेनं वारसा म्हणून राखून ठेवला आहे आणि 2018 च्या डिसेंबरपासून त्यावर खास वारसा गाडी सुरू झाली. रेल्वेची आवड असलेल्या माणसानं हा प्रवास एकदा तरी करावा. फक्त तो धबधब्याची सहल म्हणून केला तर निम्मं पाहायचं राहून जातं. म्हणून आधी थोडं समजून घेऊ, मग निघू.

हा मार्ग होळकरांचा. मुंबई–भुसावळ–खंडवा–जबलपूर हा इंग्रजांचा मोठा रेल्वेमार्ग 1870 मध्ये पूर्ण झाला, पण इंदूर त्यापासून बाजूला राहत होतं. तेव्हा महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर फाटा काढण्यासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. एका संस्थानिकानं सरकारला रेल्वेसाठी कर्ज द्यावं, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. या फाट्याचं नावच ‘होळकर स्टेट रेल्वे’ पडलं. 1876 मध्ये मोरटक्क्याजवळ नर्मदेवरचा पूल झाला आणि मग रूळ विंध्य चढून माळव्याच्या पठारावर पोहोचले.

हा मार्ग मीटरगेज आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपल्या सावदा स्टेशनातून जाणारा रूळ ब्रॉडगेज, म्हणजे 1676 मिलिमीटर रुंदीचा. मीटरगेजमध्ये हेच अंतर बरोबर एक मीटर, म्हणजे 1000 मिलिमीटर असतं. रूळ अरुंद असला की पूल, बोगदे, भराव सगळंच लहान लागतं, खर्च वाचतो, आणि डोंगरात गाडी अधिक तीव्र वळणं घेऊ शकते. म्हणून त्या काळात अशा फाट्यांना मीटरगेज निवडलं गेलं.

आता या सगळ्या प्रवासाचं मर्म, म्हणजे चढ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारच सहज फिरतं. सपाटीवर तो मोठा फायदा, कारण थोड्या ताकदीत प्रचंड वजन ओढता येतं. पण चढावर तोच तोटा होतो, चाकाला पकड मिळत नाही आणि ते जागच्या जागी घसरू लागतं. रेल्वेत चढ मोजतात तो ‘इतक्यात एक’ असा. ‘चाळीसात एक’ म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. पाताळपाणी–कालाकुंड घाटाचा चढ चाळीसात एक आहे. मोटारीला हा चढ जाणवणारही नाही, पण रेल्वेला तो जबर आहे. कसारा–इगतपुरीचा थळ घाट सदतीसात एक आहे, त्यावरून अंदाज येईल.

असा चढ एका इंजिनाला पेलत नाही. मुंबईहून परत येताना आपली गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागून आणखी इंजिनं लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. या मागून ढकलणाऱ्या इंजिनाला बँकर म्हणतात. सगळी इंजिनं पुढेच लावली तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर सगळ्या गाडीचं ओझं येतं. मागून ढकललं की तो ताण वाटला जातो, आणि चुकून जोडणी तुटलीच तर डबे मागे घरंगळत जात नाहीत, बँकर त्यांना अडवून धरतो.

खंडव्याकडून येणाऱ्या गाडीला हा बँकर कालाकुंडला लागायचा. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून इंजिन जोडायचं, पाणी-कोळशाच्या काळात तर आणखीच वेळ जायचा. आजूबाजूला मोठं गाव नाही, बाजार नाही, तरी तिथे स्टेशन आहे ते या चढामुळे. आणि गाडी थांबते म्हणून खाऊ विकणारे आले. कालाकुंडचा कलाकंद या थांब्यावरच नावारूपाला आला. चढामुळे थांबा, थांब्यामुळे स्टेशन, स्टेशनामुळे मिठाई, हा क्रम लक्षात ठेवून आपण तिथे उतरलो की तो छोटा फलाट वेगळा दिसू लागतो.

आता तयारी. पहिली पायरी म्हणजे गाडी चालू आहे की नाही ते पाहणं, आणि सगळ्यांत जास्त लोक इथेच फसतात. वारसा गाडी वर्षभर रोज धावत नाही. ती मुख्यतः पावसाळ्याच्या हंगामात, बहुतेक शनिवार-रविवारी चालते. प्रत्येक हंगामात पश्चिम रेल्वेचा रतलाम विभाग तारखा जाहीर करतो. गेल्या वर्षीचा व्हिडिओ पाहून यंदाचा दिवस ठरवू नका. जुलै उजाडला की रेल्वेचं चौकशी अ‍ॅप किंवा 139 हा क्रमांक वापरून आपल्या नेमक्या तारखेला गाडी आहे का, ते विचारा. अतिवृष्टीत दरड किंवा माती रुळावर आली तर फेरी ऐनवेळी रद्दही होते, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पाहा.

दुसरी फसगत जुन्या माहितीची. इंटरनेटवर अजून खंडवा–महू मीटरगेज गाड्यांची वेळापत्रकं सापडतात. ती आता उपयोगाची नाहीत. ब्रॉडगेजच्या कामासाठी ओंकारेश्वर रोड ते महू हा मीटरगेज मार्ग 2023 च्या सुरुवातीला बंद झाला. नवा ब्रॉडगेज मार्ग हा घाट टाळून दुसरीकडून वर चढणार आहे, आणि म्हणूनच जुना घाट जसाच्या तसा उरला. त्याचा अर्थ असा की खंडव्याहून किंवा ओंकारेश्वरहून रेल्वेनं कालाकुंडला येता येत नाही. गाडी पाताळपाणीहून सुटते आणि पाताळपाणीलाच परत येते.

तिसरी पायरी तिकीट. ही आरक्षणाची गाडी आहे. ऑनलाइन किंवा कोणत्याही आरक्षण खिडकीवर तिकीट काढता येतं, भुसावळलाही. नावं मात्र नीट शोधा. स्टेशनाच्या पाटीवर आणि अ‍ॅपवर हिंदी रूप आहे, ‘पातालपानी’. महू स्टेशनाचं नाव ‘डॉ. आंबेडकर नगर’ आहे. ‘महू’ टाकून काही मिळालं नाही म्हणजे स्टेशनच नाही, असं समजू नका.

इथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे फक्त जाण्याचं तिकीट काढणं. जाणारी आणि येणारी गाडी एकच असली तरी तिचे क्रमांक दोन आहेत, आणि तिकिटंही दोन काढावी लागतात. कालाकुंडला उतरल्यावर परतीचं तिकीट नाही हे लक्षात आलं, तर पावसात, जंगलात, दुसरं साधन शोधत बसावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच बैठकीत काढा.

डबे दोन प्रकारचे असतात, मोठ्या काचांचे वातानुकूलित खुर्चीचे आणि साधे. गाडी सुरू झाली तेव्हा साध्या डब्याचं भाडं 20 रुपये आणि खुर्चीच्या डब्याचं त्याच्या कितीतरी पट होतं. मुलं, वडीलधारी माणसं बरोबर असतील तर खुर्चीचा डबा सोयीचा. पण आपल्याला रेल्वे पाहायची-ऐकायची असेल तर मी साधा डबा घ्यायला सांगेन. काच बंद असली की वळणावर चाकांचा आवाज, इंजिनाचा बदलणारा सूर, बोगद्यातला गारवा, यातलं काहीच आत येत नाही.

आता सावद्याहून जायचं कसं. सरळ मार्ग रस्त्याचा आहे. बुऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग आपल्या गावातूनच जातो. त्यानं रावेरमार्गे बुऱ्हाणपूर गाठायचं, पन्नासेक किलोमीटर. तिथून इंदूरच्या बस मिळतात. असीरगड, खंडव्याचा भाग, सनावद करत बस मोरटक्क्याला नर्मदा ओलांडते, मग बडवाह, आणि पुढे घाट चढून सिमरोलमार्गे इंदूर. दुसरा पर्याय म्हणजे रेल्वेनं खंडवा आणि तिथून इंदूरची बस. सावद्याला मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा थांबा नीट पाहा. सोयीची गाडी नसेल तर सरळ भुसावळला जाऊन बसा. खंडव्याच्या पुढेही रेल्वेनंच इंदूरला जाण्याच्या नादाला लागू नका, फार मोठा वळसा पडतो.

बसमध्ये झोपू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो. सातपुडा, मग निमाडची सपाटी, नर्मदा, आणि मग समोर विंध्याची भिंत, असा सगळा भूगोल या एका रस्त्यावर ओळीनं येतो. बडवाहच्या पुढे रस्ता जिथे चढू लागतो तो भेरूघाट. रस्ता ज्या भिंतीवर इथून चढतो, तिच्यावरच पश्चिमेला काही अंतरावर कालाकुंडचे रूळ चढतात. बसचा चालक गिअर बदलत, आखूड वळणं घेत वर जातो ते पाहून ठेवा. रेल्वेला अशी वळणं परवडत नाहीत, म्हणून तिला डोंगराच्या कडेकडेनं लांबून, बोगदे फोडून जावं लागतं. दुसऱ्या दिवशी दोन्हींची तुलना आपोआप होईल.

एका दिवसात सावद्याहून जाऊन गाडी पकडणं जमत नाही, प्रयत्नही करू नये. बुऱ्हाणपूर ते इंदूर रस्त्यानंच पाच-सहा तास जातात, पावसाळ्यात घाटात वाहनं अडकली तर अधिक. आदल्या दिवशी महूला मुक्काम करा. स्वतःचं वाहन असेल तर इंदुरात शिरायची गरज नाही, सिमरोलहून महूकडे वळता येतं. बसनं गेलात तर इंदूरहून महू वीस-पंचवीस किलोमीटर आहे. महू ही बाबासाहेब आंबेडकरांची जन्मभूमी. संध्याकाळ हाताशी असेल तर तिथल्या स्मारकाला जाऊन या.

सामान कमीत कमी ठेवा, पण पुढच्या गोष्टी विसरू नका. पिण्याचं पाणी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आपल्याकडची चार केळी. रोख सुटे पैसे, कारण घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नाही तर मोबाइलनं पैसे देणंही नाही. तिकिटाचं चित्र आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि एक छोटी वही-पेन, तिचं काम पुढे येईल.

सकाळी महूहून पाताळपाणी पाच-सहा किलोमीटर, रिक्षा मिळते. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र अख्खं इंदूर धबधब्याला लोटतं आणि तो छोटा रस्ता तुंबतो. आतापर्यंत गाडी साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुटत आली आहे. आपण नऊ-साडेनऊलाच स्टेशनावर असावं. रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘पाताळपाणी’ म्हटलं तर तो धबधब्याच्या बाजूला सोडेल, आणि त्या दोन वेगळ्या जागा आहेत.

धबधबा पाहायचा तर दुरूनच, कठड्याच्या आतून. 2011 च्या जुलैत इथे सहलीला आलेलं एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं. वरच्या बाजूला पाऊस पडतो, इथे ऊन असतं, आणि पाणी काही क्षणांत चढतं. प्रवाहातल्या खडकावर उभं राहून फोटो काढण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, विशेषतः बरोबरच्या मुलांना.

स्टेशनावर लवकर पोहोचल्याचा खरा फायदा इंजिन पाहण्यात आहे. इथे चालणारं डिझेल इंजिन वायडीएम-4 जातीचं. नाव सोपं आहे. वाय म्हणजे मीटरगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं, आणि 4 हा त्या मालिकेतला क्रमांक. ही इंजिनं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आधी अमेरिकेतून आली, मग वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. देशभरातला मीटरगेज उखडला गेला तशी ती मोडीत निघाली. आता अशी इंजिनं कामावर असलेली पाहायला मिळणं दुर्मीळ झालं आहे, म्हणून गाडीत जागा पकडायची घाई न करता आधी इंजिनाजवळ जा. जागा आरक्षित आहे, ती कुठे जात नाही.

मग फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी पाहा. भारतातल्या स्टेशनांच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वहीत लिहून घ्या. कालाकुंडला उतरल्यावर तिथल्या पाटीवरची उंची लिहा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आपण किती उतरलो ते. रुळाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, त्यावरून अंतर काढा आणि अंतराला उंचीनं भागा. घाटाचा सरासरी चढ आपल्याच हातानं निघेल. तो चाळीसात एकपेक्षा थोडा सौम्य निघाला तर गोंधळू नका. चाळीसात एक हा घाटातला तीव्र चढ आहे, स्टेशनांच्या आवारातला रूळ जवळपास सपाट ठेवलेला असतो. शाळकरी मुलं बरोबर असतील तर हे गणित त्यांना करायला द्या.

गाडी निघाल्यावर लवकरच टंट्या भिलाचं स्थान येतं. टंट्यामामा हे नाव खान्देशाला परकं नाही. निमाड, होळकरांचा मुलूख आणि आपल्या सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्याचा वावर होता. सावकार आणि इंग्रज सरकार यांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं. 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला त्याला फाशी दिली गेली आणि त्याचा देह इथे रुळाजवळ आणून टाकला, असं सांगतात. इथून जाणारी प्रत्येक गाडी मामाला सलामी द्यायला थांबते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. रेल्वेच्या कामात उतार सुरू होण्याआधी थांबून ब्रेक तपासण्याची रीत असते. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. उताराच्या तोंडाशी थांबायचंच आहे, तर हात जोडूनच पुढे जावं.

ब्रेकबद्दल दोन शब्द. चढताना गाडीची परीक्षा ताकदीची असते, उतरताना ब्रेकची. मीटरगेजवर पूर्वापार वापरात असलेला प्रकार म्हणजे निर्वात ब्रेक (व्हॅक्यूम ब्रेक). सगळ्या डब्यांखालून एक नळी जाते आणि इंजिन त्या नळीतली हवा ओढून घेतं. नळी रिकामी असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. चालकानं हवा आत सोडली की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागतात. गाडी मधोमध तुटली तर नळीही तुटते, हवा आपोआप आत शिरते आणि दोन्ही भाग थांबतात. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे, असा विचार या रचनेत आहे.

उतरताना खिडकीतून रुळाच्या कडेला लक्ष ठेवा. ठरावीक जागी एक खांब आणि त्यावर तिरकी पट्टी दिसेल, पट्टीवर आकडा. हा चढ-उताराचा खांब. पट्टी वर वळलेली असेल तर पुढे चढ, खाली वळलेली असेल तर उतार, आकडा म्हणजे ‘इतक्यात एक’. ‘40’ दिसला की समजा, घाट खऱ्या अर्थानं सुरू झाला. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा थोडा उंच असतो, गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. तो फरक मागच्या डब्यातून पुढच्या डब्यांकडे पाहिल्यावर छान कळतो, ते आत कललेले दिसतात.

वाटेत चार बोगदे लागतात. बोगद्याचं तोंड दगडी आहे, त्याची बांधणी पाहा. पुलांवर आणि दरीच्या जागी वारसा गाडी मुद्दाम थांबवतात, म्हणून एवढंसं अंतर उतरायला दोनेक तास लागतात. कोणत्या बाजूला दरी अधिक दिसते, हे निघण्याआधी गार्डसाहेबांना विचारा, ते आनंदानं सांगतात. थांब्यावर उतरायची मुभा दिली तरच उतरा, आणि शिट्टी झाली की फोटो अर्धा राहिला तरी चढा. दारात लोंबकळणं तर नकोच. इथे दगडी कडा डब्यापासून अगदी जवळून जातात.

काही जण गाडी न पकडता रुळावरून चालत हा घाट उतरतात आणि त्याचे व्हिडिओही पाहायला मिळतात. हे करू नका. रेल्वे कायद्याच्या (1989) कलम 147 प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यापेक्षा मोठं कारण बोगद्याचं. आत गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, आणि पावसाच्या आवाजात ती ऐकूही येत नाही.

दुपारी एकच्या सुमारास कालाकुंड येतं. उतरल्यावर बहुतेक लोक थेट नदीकडे धावतात. आपण आधी इंजिन काय करतं ते पाहा. गाडीला दोन्ही टोकांना इंजिन असेल तर परतताना मागचं पुढे होतं, इतकंच. एकच असेल तर ते सुटून शेजारच्या रुळानं गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि तिथे पुन्हा जोडलं जातं. ही जोडणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम किती जपून करण्याचं आहे, ते चार पावलं लांब उभं राहून पाहा. डब्यांच्या मधे किंवा रुळात कधीही जाऊ नका. इंजिन हळू चालत असलं तरी ते थांबायला अंतर घेतं.

मग स्टेशनाचं आवार. घाटाच्या पायथ्याला कधी कधी एक रूळ मुख्य मार्गापासून फुटून उंचवट्यावर जाऊन संपतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली तर तिला त्यावर वळवायचं, म्हणजे चढावर ती आपोआप मंदावते. थळ घाटात असे रूळ आहेत. इथे तसा काही माग दिसतो का, ते स्टेशनावरच्या कुणा जुन्या कर्मचाऱ्याला विचारा. बँकर कुठे उभा राहायचा, पाणी कुठे भरायचे, हेही विचारा. कोळशाच्या इंजिनांच्या गोष्टी ऐकलेली माणसं या भागात अजून भेटतात, आणि खान्देशातून केवळ स्टेशन पाहायला कुणी आलं हे कळलं की ती मोकळेपणानं बोलतात. घरगुती फोटोला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी स्टेशनमास्तरांच्या खोलीचा किंवा यंत्रांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

कलाकंद इथेच खायचा. पानाच्या द्रोणात मिळाला तर उत्तम. दूध आटवून केलेला पदार्थ आहे, दमट हवेत सावद्यापर्यंत टिकेल या भरवशावर किलोभर बांधून घेऊ नका. घरच्यांसाठी थोडाच घ्या आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आणि आपल्या खाऊचे कागद, प्लास्टिक, बाटल्या पिशवीत भरून परत न्या. या घाटात कचरा उचलायला कुणी रोज येत नाही, आणि पहिल्या पावसात तो सगळा चोरल नदीत जातो.

साधारण दोन-अडीच तासांचा मुक्काम असतो, परतीची गाडी साडेतीनच्या सुमारास. गाडी सुटण्याची नेमकी वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्या आणि वीस मिनिटं आधी फलाटावर या. परतीला मधे थांबे जवळपास नसतात, म्हणून तीव्र चढ असूनही ती उतरण्यापेक्षा लवकर, तासाभरात वर पोहोचते.

ही परतीची फेरी डोळ्यांपेक्षा कानांनी अनुभवायची. साध्या डब्यात खिडकीशी बसा. कालाकुंडची सपाटी संपली की इंजिनाचा आवाज जड होतो, वेग पडतो, आणि वळणावर चाकांची कड रुळाला घासून किंचाळते. रूळ ओला असेल तर मधेच चाक घसरल्याचा भर्रकन आवाज येतो. तेव्हा चालक रुळावर वाळू सोडतो, त्यासाठी इंजिनात वाळूची पेटीच असते. दीडशे वर्षांपूर्वी कोळशाच्या इंजिनाला हेच करावं लागायचं. मागे इंजिन असेल तर शेवटच्या डब्यात बसा. डब्यांच्या जोडण्या सैल पडून पुन्हा घट्ट होतात तो धक्का तिथे चांगला जाणवतो आणि बँकर काय करतो ते अंगाला कळतं.

साडेचार-पाचला पाताळपाणी. त्याच संध्याकाळी सावद्याला निघायचा हट्ट धरू नका, पावसात रात्रीचा भेरूघाट उतरणं शहाणपणाचं नाही. आणखी एक रात्र महूला किंवा इंदुरात काढा आणि सकाळच्या बसनं बुऱ्हाणपूरकडे निघा. वाटेत सनावद किंवा खंडव्याला उतरण्याइतका वेळ असेल तर ब्रॉडगेजचं काम किती पुढे सरकलं तेही पाहता येईल. अकोला–खंडवा मीटरगेज 2017 पासून बंद आहे, त्यावरचा मेळघाटातल्या धूळघाटचा गोल फिरून स्वतःलाच ओलांडणारा रूळ आता गाडीतून पाहता येत नाही. म्हणून कालाकुंडला जायचं मनात असेल, तर येत्या जुलैच्या तारखा जाहीर होताच तिकीट काढून टाका, जातानाचं आणि परतीचं.